भाड्याचा सिनेमा आणि दुबार टीव्ही

काय सांगायचं आता, आणि कुठल्या तोंडानं! आधी चहा ओता. हा किस्सा कोरड्या घशानं सांगण्यासारखा नाही, आणि माझ्या अंगात तेवढं त्राणही नाही. मी इतका दमलेला माणूस आहे की माझ्या हातून मूर्खपणासुद्धा बसल्या बसल्या होतो.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी मास्तर. मास्तर म्हणजे कोण? शिकवणं सोडून बाकी सगळं करणारा प्राणी. जनगणनेला आम्ही, सर्वेक्षणाला आम्ही, आणि मतदारयाद्या तर आमच्या पाचवीलाच पुजलेल्या. याद्यांतली दुबार नावं शोधून शोधून माझे डोळे गेले हो! एकच नाव दोनदा दिसलं की पहिलं ठेवायचं, दुसरं वगळायचं. झोपेतसुद्धा करीन. हे लक्षात ठेवा, कारण ह्यानंच माझा घात केलाय.

तर मे महिना. शाळेला सुट्टी. दुपारी जेवून आडवं व्हायचं, एवढीच माझी सुट्टीची कल्पना. पण त्या दिवशी लोहगडवाडीहून सासूबाई आल्या होत्या. मी त्यांना मामी म्हणतो. गडाच्या पायथ्याला त्यांची पिठलं-भाकरीची टपरी आहे. उन्हामुळे गडावर येणारी पोरं कमी, म्हणून एक दिवस लेकीकडे, इथे कान्हे गावात. त्यात सकाळी मेहुण्याचा फोन आला, म्हैस व्यायला झालीय, ऊन उतरलं की गाडी घेऊन आईला न्यायला येतो. म्हणजे एक दुपार काय ती हातात.

मी आमरसाची तिसरी वाटी संपवत होतो, तेव्हा मंदा, म्हणजे आमचं कुटुंब, म्हणाली, "अहो, आईचा तो सिनेमा दाखवा ना तेवढा."

तो सिनेमा! लग्न झाल्यापासून ऐकतोय मी. मंदाच्या वेळी मामींचे दिवस भरत आले होते, आणि जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. मामी गेल्या. गोष्ट अशी, की भावानं बहिणीला घराबाहेर काढलेलं. कित्येक वर्षांनी ती फाटक्या लुगड्यात त्याच्याच दारात भाकरी मागायला येते. भाऊ बाहेर येतो. कंदील वर धरतो. तिच्या तोंडाकडे बघतो... आणि इकडे मामींच्या पोटात कळ! बैलगाडीत घातलं, घरी नेलं, पहाटे मंदा. भावानं बहिणीला ओळखलं का, ते राहूनच गेलं.

"बायका सांगाया आल्या व्हत्या," मामी म्हणाल्या, "पर म्या कानावर हात ठिवलं. म्हनलं, मला बगायचं हाय. तवापास्नं ऱ्हायलंय बगा."

सिनेमाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. का, ते कळेल तुम्हाला.

मंदानंच तो मोबाईलवर शोधून काढला होता. म्हटलं, मोबाईलवर काय बघायचा? कॉम्प्युटरवर भाड्यानं घेतो आणि टीव्हीवर लावतो!

"भाड्यानं?" मामींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "मंग परत कुटं न्यून द्यायचा?"

"न्यायला नाही लागत, मामी. दोन दिवस झाले की आपला आपण परत जातो."

"म्हंजी माणसाळल्याला हाय," मामी म्हणाल्या.

मी ऐटीत लॅपटॉप मांडीवर घेतला. सिनेमा घेतला. आता टीव्हीवर पाठवायचं बटण दाबलं की जवळच्या टीव्हीचं नाव येतं, ते निवडायचं. दाबलं. तर काय? एकच नाव दोनदा! तीच कंपनी, तोच आकडा, एकाखाली एक.

मला हसूच आलं. म्हटलं, अरे, इथेही दुबार नोंद? पहिलं ठेवलं, दुसरं वगळलं.

लॅपटॉपवर अक्षरं आली, 'टीव्हीवर चालू आहे.' टीव्ही बघतो तर काळा ठिक्कर.

आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडून, मुलाण्यांच्या घरातून, मोठा ओरडा झाला. म्हटलं, क्रिकेट चालू असेल, विकेट पडली असेल.

मी सिनेमा बंद केला, पुन्हा पहिल्यापासून लावला. टीव्ही काळाच. वायर हलवली. टीव्ही बंद-चालू केला. रिमोटच्या पाठीत दोन धपाटे घातले. पुन्हा पहिल्यापासून. मामी आपल्या खाली चटईवर बसलेल्या. जावई घामाघूम होऊन टीव्हीला शिव्या घालतोय, आणि आपण समोर बसून बघतोय, हे काही त्यांना बरं वाटेना. जावयाची फजिती सासूनं बघू नये, अशी त्यांची रीत.

"मी जरा शमाकडं जाऊन येती," असं म्हणून त्या शेजारी गेल्या.

शमाभाभी म्हणजे मुलाण्यांची बायको. सख्खा शेजार आमचा. शिरखुर्मा तिकडून, पुरणपोळी इकडून. वायफायसुद्धा दोन घरांत मिळून एकच. आणि टीव्ही? अहो, तोही कामशेतच्या एकाच दुकानातून, एकाच टेम्पोतून आणलेला. दोन घेतले म्हणून दुकानदारानं सवलत दिली होती.

तुम्ही हसताय. तुमच्या लक्षात आलं. माझ्या नाही आलं! आमरस डोक्यात गेला होता.

थोड्या वेळानं मंदा म्हणाली, "आईला बोलावून आणते." ती गेली, ती गेलीच. मी आपला एकटा, काळ्या टीव्हीसमोर. बसा बाबा, म्हटलं, आपल्याला कोण विचारतंय! मध्येच मी सिनेमा थांबवायचा, की पलीकडे "आरंऽऽ!" मी चालू करायचा, की पलीकडे गप्पगार. मला वाटलं, काय चुरशीची मॅच आहे!

शेवटी कंटाळलो. खांदे दुखायला लागले, डोळे मिटायला लागले. वैतागून चालू सिनेमा तसाच सोडून पडून राहिलो. पंख्याकडे बघत विचार करत होतो, आयुष्यभर लोकांची नावं याद्यांत घातली, आणि घरातल्या बाईला एक शेवट दाखवता येत नाही. खरंच वाईट वाटलं हो. मामींनी माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं. आता मेहुणा येईल. म्हटलं, पुरे झालं. उठलो आणि लॅपटॉप फाट्कन मिटला.

पलीकडे असा आकांत झाला की मला वाटलं, कोणीतरी गेलं!

धावत दारात गेलो तर शमाभाभी समोर. पदर खोचलेला, डोळ्यांत पाणी. "मास्तर, काहीतरी करा! अवो, इतका छान सिनेमा आपसूक लागला होता आमच्या टीव्हीवर. मामींचाच तो! मधनं मधनं अडकत होता, पण चाललेला. आत्ता भावानं कंदील वर धरला आणि गपकन गेला!"

कंदील!

"भाभी," मी कसाबसा म्हणालो, "मला का नाही बोलावलंत?"

"मामींनीच नको म्हटलं. जावायबापू तिकडं एवढं मरमर करत्यात, आन हितं आपसूक लागलाय म्हनून सांगितलं तर त्यांना वाईट वाटंल म्हणे."

घ्या! मला वाईट वाटू नये म्हणून दोन घरं मिळून चोरून सिनेमा बघत होती, आणि तो सिनेमा मीच लावत होतो, आणि मीच बंद पाडला होता. तोही नेमका कंदिलाला!

मान खाली घालून मुलाण्यांच्या घरात गेलो आणि सगळं कबूल केलं. दुबार नावासकट. मंदानं कपाळावर हात मारला. मामी म्हणाल्या, "पयल्या बारीला लेकीनं शेवट घालवला, ह्या बारीला जावयानं. जोडा मातुर शोभतोय. आन म्याच लावून दिलं हुतं लगीन."

एवढं झाल्यावर मला चेव चढला. म्हटलं, चला सगळे आमच्या घरी! लॅपटॉप उघडला. दुसरं नाव निवडलं, ते वगळलेलं. आणि आमचा टीव्ही उजळला हो! सिनेमा थोडा मागे घेतला, म्हणजे सगळ्यांना संदर्भ नीट लागेल. मामी पुढे चटईवर, शेजारी शमाभाभी, मंदा दाराला टेकून. मी मागे खुर्चीत, पाय लांब करून. पंखा फिरतोय, टीव्ही चालतोय, कोणी मला काही विचारत नाही. इतकं बरं वाटलं, काय सांगू. बहीण फाटक्या लुगड्यात दारात आली. भाऊ बाहेर आला. कंदील उचलला...

गाडीच्या हॉर्ननं मला जाग आली.

टीव्ही बंद. शमाभाभी पदरानं डोळे पुसतेय, मंदाचं नाक लाल. मामी उठल्या, माझ्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी कडाकडा बोटं मोडली. "जावायबापू, पांग फेडलं माझं. कसा वाटला शेवट?"

"फार छान," मी म्हणालो. "मग... ओळखलं का भावानं?"

मंदा आईला म्हणाली, "घोरत होते ते. भाऊ रडायला लागला तेव्हा शमाभाभीनं आवाज वाढवला, इतके घोरत होते."

"रडला? म्हणजे ओळखलं?"

तिघी एकमेकींकडे बघून हसल्या. मेहुणा घाई करत होता. मामी निघाल्या.

म्हटलं, हरकत नाही, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी याद्यांच्या कामाला बोलावणं आलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. दमूनभागून घरी येऊन लॅपटॉप उघडला, तर सिनेमा परत गेलेला. माणसाळलेला ना तो! पुन्हा भाड्यानं आणण्याइतकं त्राण माझ्यात नव्हतं.

शेवटी वाडीला फोन लावला. म्हैस सुखरूप व्यायली होती, ते आधी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "मामी, आता तरी सांगा. ओळखलं का?"

"शेवट सांगायचा नसतोय, जावायबापू, बगायचा असतोय. म्या न्हाई मंदीच्या वयाएवढी वर्सं थांबले? तुमी बी थांबा." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "आन पुढल्या बारीला खुर्चीत बसू नगा. हुबं ऱ्हावून बगा."