एस्तेरच्या तोंडून तुमचा बाबा

रिया, नील,

गेल्या महिन्यात तुमचा बाबा दोन जोड कपडे घेऊन इंदूरहून घाईने कोल्हापूरला आला, तेव्हा तुम्ही मला फोनवर विचारलंत, "आजी, एस्तेरकाकू आपल्या कोण होत्या?" मी म्हणाले, "आमच्या चर्चमधल्या." त्या गडबडीत तेवढंच सुचलं. आता पाहुणे गेले आहेत, घर पुन्हा जागच्या जागी लागलं आहे, आणि आजीलाही कुणाचा हेवा वाटू शकतो हे समजण्याइतकी तुम्ही मोठी झाला आहात. मला एस्तेरचा हेवा वाटायचा. ती गेल्यावर तो जाईल असं वाटलं होतं...

तुमच्या बाबाला जन्मापासून ऐकू येत नाही. तो लहान असताना डॉक्टर आणि त्याच्या शाळेतल्या बाई मला एकच सांगत, हातवारे करू नका, नाहीतर मूल बोलायला शिकणार नाही. मी स्वतः शाहूपुरीतल्या शाळेत इंग्रजी शिकवायची. सांगितलेलं पाळायची मला सवय होती. रोज संध्याकाळी समीरला घेऊन आरशासमोर बसायचं, त्याच्या ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची, "पाणी" म्हणायला लावायचं, पट्टी हलली की शाबासकी. माझे हात मी पदराखाली ठेवायची. दहा वर्षांचा होईपर्यंत त्याला मोजके शब्द आले, आणि ते फक्त मला कळत. त्याला काय हवंय हे विचारायला सगळ्या घराला माझ्याकडे यावं लागे. मला ते आवडायचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एस्तेर मंगळवार पेठेत राहायला आली. तिच्या नवऱ्याचा शिरोली एमआयडीसीत कारखाना होता. तिचा थोरला भाऊ बहिरा, त्यामुळे हातांची भाषा ती घरातच शिकलेली. आवाज मोठा, नाकात चमकी, बोलणं रांगडं. कारखान्यात तिने ऐकू न येणारी काही मुलं कामाला लावली होती. चर्चच्या पाळकसाहेबांनी काळजीने चौकशी केली, तर म्हणाली, "मशीनच्या आवाजानं आमचं कान गेलं, साहेब. त्यास्नी काय धाड भरलीया?" त्याच मुलांना ती रविवारी पहिल्या बाकावर बसवू लागली. स्वतः व्यासपीठाकडे पाठ करून खुर्चीत बसायची आणि सगळी उपासना हातांनी सांगायची.

एका रविवारी समीर माझ्या शेजारून उठून त्या बाकावर गेला. पाळकसाहेब बायबलमधली योनाची गोष्ट सांगत होते. मासा योनाला किनाऱ्यावर ओकून टाकतो तिथे एस्तेरने असं काही तोंड केलं की भर उपासनेत समीर मोठ्याने हसला. आरशासमोर तो तसा कधीच हसला नव्हता. त्यानंतर तो माझ्या बाकावर परत आला नाही.

थोड्या दिवसांनी स्वयंपाकघरात त्याने नाकपुडीला बोट लावून माझ्याकडे पाहिलं. मला एस्तेरची चमकी आठवली. घरातसुद्धा हिचंच नाव, म्हणून मी पोळ्यांकडे वळले. पुढे कळलं की हातांच्या भाषेत "आई" असंच म्हणतात. मी तर जन्मात नाकात काही घातलं नाही...

अशा मुलांच्या घरच्यांसाठी एस्तेर शनिवारी हातांच्या भाषेचा वर्ग घ्यायची. मी गेले नाही. स्वतःच्या मुलाशी बोलायला दुसऱ्या बाईकडे शिकवणी कशी लावायची? मी चर्चमध्ये खांबाआड बसून तिचे हात पाहू लागले. कानावर पाळकसाहेबांचे शब्द पडत, समोर तिचे हात; दोन्ही जुळवत मी कितीतरी रविवार काढले. प्रवचनातलं एक वाक्य माझ्या लक्षात राहत नसे. एकदा उपासना सुटल्यावर ती जवळ आली आणि हळू आवाजात, म्हणजे तिच्या मानाने हळू आवाजात, म्हणाली, "वैनी, म्होरं बसा की. खांबाआडनं निम्मं हात दिसत न्हाईत."

मग समीरच्या दृढीकरणाचा रविवार आला. त्या दिवशी प्रत्येक मुलाने मंडळीपुढे उभं राहून साक्ष द्यायची असते, म्हणजे आपला विश्वास स्वतःच्या शब्दांत सांगायचा असतो. समीर उभा राहून हातांनी सांगू लागला आणि एस्तेर ते मोठ्याने बोलू लागली. "मी समीर हाय. देव मला ऐकू येत न्हाय, पर त्यो माझ्याकडं बघतोय, ह्ये मला ठावं हाय. माझी आय लई बोलती. तिचं व्हट दमत्यात, पर ती थांबत न्हाय."

आजूबाजूच्या बायका डोळे पुसत होत्या. मी जळत होते. माझ्या मुलाची पहिली सलग वाक्यं, जी ऐकायला मी इतकी वर्षं आरशासमोर बसले, ती दुसऱ्या बाईच्या तोंडून यावीत, आणि तीही अशा मराठीत! बाहेर चपला घालताना मी तिला गाठलं.

"एस्तेर, माझा मुलगा असं बोलत नाही."

"मग कसं बोलतोय, वैनी? तुमी सांगा की."

तिने ते खोचकपणे विचारलं नव्हतं. एक चप्पल पायात, एक हातात, अशी ती उत्तरासाठी थांबली होती. मी समीरला घेऊन घरी निघाले.

पुढे सगळीकडे तीच त्याच्यासोबत असायची. नोकरीच्या मुलाखतीला ती, डॉक्टरकडे ती. तुमच्या आईबाबांच्या लग्नात पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हासुद्धा चर्चमध्ये तिचाच आवाज घुमला, "व्हय, पत्करतो." एव्हाना समीरचे हात मला पुरते वाचता येत होते. जेवताना आम्ही दोघं तासन्‌तास बोलायचो, त्यासाठी तिची गरज नव्हती. पण मंडळीत, चार लोकांत, त्याचा आवाज म्हणजे ती.

गेल्या महिन्यातल्या तिच्या स्मरणाच्या उपासनेत तुमचा बाबा बोलायला उठला. व्यासपीठाखाली तिची खुर्ची रिकामी होती. त्याने त्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी माइक घेतला. या दिवसाची मी किती वाट पाहिली होती, हे त्या चर्चमध्ये फक्त तिला ठाऊक असणार. त्याचे हात हलले आणि मी तोंड उघडलं.

"एस्तेरकाकू, तुमी गेला. आता माझं कोण बोलायचं? आय हाय... पर तिला सवय न्हाय."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मी मात्र गोंधळून उभी होते. मी ते शब्द तसे ठरवले नव्हते. शुद्ध मराठीत सांगायचा प्रयत्न केला, पण तो समीर वाटेना. त्याचे हात हलले की माझ्या कानात एस्तेरच बोलते. इतक्या वर्षांत मी त्याला दुसऱ्या कुणाच्या आवाजात ऐकलेलंच नाही. शेवटपर्यंत मी तसंच बोलले.

खुर्ची अजून तिथेच आहे. ऐकू न येणाऱ्या मुलांचा पहिला बाक रिकामा राहू नये म्हणून हल्ली रविवारी तिच्यावर बसून मी उपासना हातांनी सांगते. तिच्याइतके भरभर हात मला चालवता येत नाहीत, आणि मुलं तोंडावर तसं सांगतात. हेवा गेलेला नाही.

तुमच्या बाबाला आवाज आहे. तो कोल्हापुरी आहे, जरा मोठा आहे, आणि आता तो माझ्याकडे आहे.