मेहुणीचा मैदानावरचा स्वयंपाक

अख्ख्या भोपाळात माझ्या मेहुणीइतकं ऐन वेळी मत बदलणारं माणूस नाही, आणि बदलून खरं ठरणारं तर नाहीच नाही. शिऱ्यासाठी रवा भाजायला घेईल आणि पाहुण्याला साखरेचा आजार आहे असं कळलं की त्याच कढईत उपमा करून वाढेल. पुतण्यासाठी मुलगी बघायला बाग सेवनियाला गेली, तर चहा संपायच्या आत मुलीच्या आईलाच म्हणाली, “तुमची पोर फार हुशार आहे हो, आमच्या गाढवाला देऊ नका.” जाऊबाई अजून तोंड फिरवून बसते. हिला काही नाही.

अशी बाई अयोध्या नगरच्या पोरींना फुटबॉल शिकवते. खेळ चालू असताना डाव बदलावा का, यावर आमचं कायमचं भांडण. मी कारखान्यात फिटर होतो. एकदा नट आवळला की हात लावायचा नाही, एवढंच मला कळतं. ती म्हणायची, “भाऊजी, नट पळत नाही. समोरची पोरगी पळते.” मैदानावर तिची भाषा स्वयंपाकाची, तीही मराठी. ‘झाकण लाव’ म्हणजे सगळ्या मागे, गोल सांभाळा. ‘फोडणी दे’ म्हणजे सगळ्या पुढे. पोरी हिंदी बोलणाऱ्या, पण एवढं मराठी त्यांना पाठ. समोरच्यांना कळू नये म्हणून ही शक्कल. आता इथे गल्लोगल्ली विदर्भातली घरं, हे बाईच्या डोक्यात कसं आलं नाही देव जाणे.

गेल्या महिन्यात कोटरा सुल्तानाबादच्या पोरींशी सामना होता. कॉलनीच्या कमिटीने बजावलं होतं, जिंकला नाहीत तर संध्याकाळचं मैदान मुलांना. आमचा एक गोल झालेला, वेळ थोडा उरलेला. हिने आरोळी दिली, “झाकण लाव!” तोच समोर खुर्चीवर बसलेला टोपीवाला म्हातारा आपल्या पोरींना ओरडला, “सब पीछे जा रही हैं, चढ़ जाओ!” आणि हिच्याकडे बघून त्याने हात जोडले, “आम्ही वर्धेचे, ताई.” बरोबरी झाली.

मी म्हटलं, “आता तरी मागेच राहू दे, आणखी एक खाशील.”

“तुम्ही शेंगदाणे खा,” म्हणाली, आणि स्वच्छ हिंदीत ओरडली, “सब आगे! सब की सब आगे!”

म्हातारा हसला. “झाँसा दे रही है! पीछे ही रहेंगी, चढ़ो!” त्यांच्या सगळ्या चढल्या, आमच्या चेंडू घेऊन खरोखरच पुढे धावल्या. तिकडे गोलकीपर एकटी. गोल! म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला, “बाईने खरं सांगितलं हो!”

मैदान पोरींचं राहिलं. डाव बदलावा. मी हरलो, आणि छाती फुगवून हरलो.

पोरींनी तिला उचलून घेतलं. वरून ती माझ्या शेजारच्या रिकाम्या पायरीकडे बघत होती. तिथे माझी बायको बसायची. या थंडीत गेली. बहिणीच्या पोरी जिंकल्या की घसा फोडून पहिली शाबासकी तिचीच. मी कधी तोंड उघडलं नाही, ती होती ना. मग मीच उभा राहिलो. “शाब्बास पोरींनो!” म्हणताना आवाज फाटला, खोकला आला.

मेहुणी वरूनच म्हणाली, “मोठ्यानं, भाऊजी. एवढ्यानं ताईला ऐकू नाही जायचं.”