बाहेरून लागलेलं कुलूप

छबू, कुर्डुवाडीच्या स्टेशनावर तू पदरानं डोळे पुसत होतीस आणि मी गाडीत बसायला जागा मिळते का ते बघत होते. त्याचा तुला अजून राग आहे. पण रडून जागा मिळत नाही. माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी, दोन वाकळा आणि तवा होता. भाड्याची खोली सोडताना मी कुलूप लावलं आणि दोनदा ओढून बघितलं. आत काही उरलं नव्हतं, तरी ओढलं. आपली आई कुठं निघालं की मागून विचारायची, "कुलूप लावलंस का? ओढून बघितलंस का?" ती एक सवय मी सोबत आणली, आणि सोलापुरात आल्यावर पहिली तीच मोडावी लागली.

हे तुझ्यासाठी लिहिते, आणि आपल्यासारख्या ज्या बाया उतारवयात घर सोडून गेल्या त्यांच्यासाठीही. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यात येईल तसं लिहिते.

नवरा गेला, मूल नव्हतं. कुर्डुवाडीत मी असले काय नसले काय, कोणाचं अडत नव्हतं. तुझ्याकडं आले तर तुझी सून भांडी जोरात आदळायची. तेव्हा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका शेठला बंद कारखान्यात राहायला माणूस हवं होतं. टॉवेलचा कारखाना. शेठ पुण्याला लेकाकडं गेलेला. तो तोंडावर म्हणाला, "बाप्या ठेवला तर दारू पितो, नाहीतर माल विकतो. म्हातारी बरी. तुम्ही फक्त राहायचं. चूल पेटली पाहिजे, दोरीवर लुगडं दिसलं पाहिजे." आयुष्यभर मला लोकांनी हातांसाठी कामाला ठेवलं. इथं नुसतं असण्यासाठी ठेवलं.

शेडमध्ये माग ओळीनं उभे, वर प्लास्टिक टाकलेलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मयतं झाकून ठेवल्यासारखं वाटलं. खालची कापसाची धूळ कितीही झाडली तरी दुसऱ्या दिवशी तितकीच. ती कुठून येते ते मला अजून कळलेलं नाही.

नवी होते तेव्हाची गोष्ट. बाजाराला निघाले, फाटकाला बाहेरून कुलूप लावलं, दोनदा ओढलं आणि गेले. परत आले तर फाटकापुढं दोन बाया उभ्या. एक नरसम्मा, शेजारच्या शेडमध्ये राहणारी, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी. दुसरी समोरच्या शेडची शमशादबी. दोघी माझ्यासारख्याच, बंद कारखाना राखणाऱ्या.

"कुलूप कोन लावलं? तू?" नरसम्मानं विचारलं.

"मीच. मग काय उघडं टाकून जाऊ?"

"कुलूप म्हंजे पाटी हाय, आक्का. आत कोन न्हाय, या म्हणून."

शमशादबी हसायला लागली. "ताला लगाको बाजार गई! चोरां के वास्ते चाय भी रखको जाना था ना."

मग मला इथली रीत कळली. राखणारानं बाहेरून कुलूप कधी लावायचं नाही. कुठं जायचं झालं तर दुसरीला बोलवायचं. ती येऊन आतून कडी घालते आणि आपण येईपर्यंत बसते. याला आम्ही 'बसायला जाणं' म्हणतो. शमशादबीच्या लेकीचं बाळंतपण झालं तेव्हा मी तिच्याकडं बसले. मला ताप आला तेव्हा नरसम्मा सूप घेऊन माझ्याकडं बसली आणि विड्या वळता वळता मला शिव्या देत पेज पाजली. छबू, तुला वाईट वाटेल, पण खरं सांगते. माझ्यावाचून कोणाचं तरी अडतं हे मला साठी उलटल्यावर कळलं.

गल्लीच्या टोकाची शेड सिद्धप्पा अण्णा राखायचे. पूर्वी माग दुरुस्त करायचे. त्यांच्या पुतण्याचं कुंभारीला लग्न निघालं. बायकांना बसायला कसं बोलवायचं म्हणून त्यांनी कुलूप लावलं आणि गेले. परत आले तर कुलूप जसंच्या तसं. मागची भिंत फोडलेली आणि आत एकही माग नाही. मालकानं त्यांना काढलं. ते चहाच्या टपरीमागं पत्रे उभे करून राहू लागले. ती शेड अजून तशीच आहे. वारा सुटला की मागच्या भगदाडातून आवाज येतो. आम्ही तिकडून जात नाही.

त्यानंतर पांढरी गाडी येऊ लागली. त्यातला माणूस गोड बोलायचा. "मावशी, किती जण राहता इथं? मुलं कुठं असतात?"

"तुला काय सोयरीक करायचीय?" मी म्हटलं.

तो हसला आणि फाटकाचे फोटो काढून गेला. आमच्या गल्लीतली कुत्री पोस्टमनवरसुद्धा धावून जातात. त्याच्यावर एकही भुंकलं नाही. त्याच्या पायाशी जाऊन शेपूट हलवत बसली. म्हणजे तो आधीपासून येत होता आणि आम्हाला माहीत नव्हतं.

एक दिवस सकाळी मी बाहेर आले तर नरसम्माच्या फाटकापुढची जमीन कोरडी. ती सडा टाकल्याशिवाय चूल पेटवत नाही. वर बघितलं तर कडीला बाहेरून कुलूप. नवं, चकचकीत.

नरसम्मा कुलूप लावणार नाही. मी फाटकावर हात आपटला. "नरसम्मा!"

आतून आवाज आला, "आतच हाय की. बोंबलू नको."

मी शमशादबीला हाक मारली. ती येईपर्यंत तिथंच खाली बसले.

तिनं आतून मालकाला फोन लावला. तो म्हणाला, "दोन दिवस थांबा, बघतो." आत काय खाता, पाणी आहे का, कुलूप कोणी लावलं, काहीच विचारलं नाही. तेव्हा आम्हाला कळलं, त्याला विचारायची गरजच नव्हती. त्यानं शेड विकली होती, पांढऱ्या गाडीतला माणूस त्यासाठीच फिरत होता. घेणाऱ्याला ती रिकामी दाखवायची होती, आणि बाहेर कुलूप दिसलं की नरसम्मा आत असतानाही ती रिकामी ठरत होती.

शमशादबीनं फाटकाखालून भाकरी सरकवली. मी म्हटलं, कुलूप तोडू. नरसम्मा आतून ओरडली, "तोडू नका! चोरी कराया घुसली म्हनतील."

आम्ही फाटकापुढं बसून राहिलो. ऊन चढलं. आतून विडीचं पान कातरल्याचा आवाज येत होता. ती काम करत होती. मग तो आवाज थांबला. मी हाक मारली, ओ आली नाही. पुन्हा मारली. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "चक्कर आली जरा."

सिद्धप्पा अण्णा करवत घेऊन आले. मी काही बोलायला गेले तर म्हणाले, "सुम्नीरी." गप बसा म्हणजे. "म्हातारी आत मेली तर म्हंतील, आत कोन नव्हतंच." आणि त्यांनी कुलूप कापलं.

नरसम्मा बाहेर आली. मागं वळून बघितलं नाही. पुढं दोन दिवसांनी ट्रक आले आणि भर दिवसा माग घेऊन गेले. आमच्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. नरसम्मा आता माझ्याकडं राहते. अण्णा शमशादबीच्या फाटकाआतल्या वॉचमनच्या खोलीत.

आता एक नवी रीत झाली आहे. सकाळी जी आधी उठेल ती समोरच्या फाटकाची बाहेरची कडी ओढून बघते. कडी वाजली की आतल्याला कळतं, मोकळी आहे, कुलूप नाही. आई दोनदा ओढायची. आम्ही एकदाच ओढतो, म्हणजे एकदा वाजली की आपल्यातलंच कोणी, हे आतल्याला कळावं.

तू निरोप पाठवतेस की आक्का, घरी ये. कुठल्या घरी? ही शेडही माझी नाही, आणि अलीकडं शेठ माझा फोन उचलत नाही. पण सकाळी माझ्या कडीला ओळखीचा हात लागतो. जिथं तो लागतो तेवढं माझं घर. तुला जमलं तर एकदा बसायला ये, न्यायला येऊ नको.

काल मात्र कडी दोनदा वाजली. नरसम्मानं माझ्याकडं बघितलं. चहाच्या वेळी मी शमशादबीला विचारलं. ती म्हणाली, "मैं तो एकीच बार खींची." अण्णा तेव्हा उठलेही नव्हते.

आज कडी एकदा वाजली. मी चूल पेटवली नाही. काडी हातात धरून बसले, दुसऱ्यांदा वाजते का ते ऐकत.