शंका बी सांगाची

खबरकाका विहिरीत उतरणाऱ्याचं आधी तोंड न्याहाळत, मग दोर तपासत. आमची सहा जणांची टोळी मंगरूळपीर भागात विहिरी खोदायची आणि काका तिचे म्होरके. कुणाचा चेहरा उतरलेला दिसला की विचारायचे, "काहून रे, घरून भांडून आला काय?" हो म्हटलं की तो दिवसभर वर, माती ओढायला. "रागातला मानूस खाली नाही पायजे मले. त्याले दगड दिसत नाही, भांडनच दिसते."

दुसरा हट्ट खबरीचा. वर आलेल्याने काठावर बसून खालचं सारं सांगायचं आणि उतरणाऱ्याने ते जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. कपार कुठं सैल आहे, सुरुंगाचे बार किती पेटवले, किती उडाले. आम्ही वैतागायचो. एकदा मी म्हणालो, "काका, सारंच सांगून टाकलं तर तुमाले कोन विचारन?" तर खेकसले, "माह्यासंग मसनात न्याचं हाय काय ते? आन् आयक, शंका बी सांगाची. खात्री होयेपर्यंत उशीर होते."

इंझोरीच्या मळ्यावर कंत्राटदाराने मुनीम आणून बसवला. जन्मात कधी विहिरीत वाकून न पाहिलेला माणूस! सावलीत खाटेवरून ओरडायचा, "ही काय चावडी आहे? गप्पा बंद!" आठ दिवसांत त्याने काकांना घरी पाठवलं. का, तर म्हणे म्हाताऱ्यामुळे काम रेंगाळतं. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आम्ही पाचही जण मान खाली घालून उभे होतो, याचा तर जास्तच संताप येतो.

त्याच आठवड्यात माझं टोळीतल्या किसनशी बिनसलं. त्याची पहार न विचारता घेतली म्हणून त्याने चारचौघांत माझा बाप काढला. दुसऱ्या दिवशी मी चार बार पेटवून वर आलो. आवाज तीनच ऐकू आले. दोन एकदम उडाले असतील, असं मी मनाला समजावलं. धूर विरला तसा किसन दोर धरून उभा राहिला. तो माझ्याकडे पाहीना, मी त्याच्याकडे. "उतर लवकर!" मुनीम ओरडला. मीही मनात म्हटलं, मरू दे, आपल्याला काय!

किसनची पहार न उडालेल्या बारावरच पडली. जीव वाचला, उजवा हात गेला. मुनीम म्हणाला, "नशीब त्याचं." नशीब! त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

काका कामरगावच्या घरून पायी आले. मी मुनिमाला शिव्या घालत होतो. यानेच खबर बंद केली, यानेच हात घेतला! काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग पूर्वीसारखं माझं तोंड न्याहाळलं.

"त्यानं तुह्या तोंडावर हात ठेवला होता काय? किती आयकू आले रे तुले?"

मी तीन बोटं वर केली.

"मंग जा. किसनले सांग."

मी गेलो. त्याच्या खाटेपाशी बसून सगळं सांगितलं, शंकाही. किसन सवयीने, जसंच्या तसं म्हणाला, "चार पेटवले. तीनच आयकू आले."