याडीची जागा

यवतमाळात ज्या नाचासाठी माझं कौतुक झालं, तो नाच मी बसवलेला नव्हता. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

नाच ज्याचा होता तो आमच्या शाळेच्या छपराची कवेलू फेरायला, म्हणजे कौलं काढून नीट लावायला यायचा. कवेलू फेरणारे तुम्हीही पाहिले असतील. कितीही जपून चालले तरी पायाखाली एखादं फुटतंच. याच्या पायाखाली कधी फुटलं नाही. छपरावरून चालताना तो मध्येच थांबायचा, अंग चोरून डावीकडे सरकायचा आणि उजवीकडे बघून म्हणायचा, "ये, जागा हाये." उजवीकडे कोणी नसायचं.

त्याची आई बंजारा, बाप कोलाम. तांड्यानं आईला परत घेतलं नाही आणि कोलामांच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, ती परकीच राहिली. दोन्हीकडच्या नाचांत तिला कोणी उभं केलं नाही. ती लवकर गेली. मोठेपणी यानं स्वतःच एक नाच रचला. तांड्यातल्या बायका झुकून टाळी देतात तो ठेका, आणि कोलामांच्या ढेमसा नाचातली हातात हात गुंफलेली रांग. रांगेच्या मधोमध मात्र एका माणसाएवढी फट.

हा कोणता नाच, म्हणून मी विचारलं.

"ना तांड्याचा, ना पोडाचा. माहा हाये," तो म्हणाला. "ते फट नोका बुजवू, मास्तर. याडीची जागा हाये." याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आई.

मराठी भाषेचं नवं राज्य झालं होतं. त्यानिमित्त यवतमाळला शाळांचे कार्यक्रम ठरले. त्यानं शाळेच्या अंगणात पोरांना नाच शिकवला. मंचावर फट बरी दिसणार नाही, म्हणून मी तिथे एका मुलीला उभं केलं. ठेका धरला की ती सरकलेली असायची. मी ओढून जागेवर आणायचो. तो कवेलूंच्या ढिगावर बसून पाहायचा.

"मंग ती कुठं उभी राहीन?" एकदाच म्हणाला.

तुझ्या याडीसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो, असं मी म्हटलं आणि हसलो. तो हसला नाही.

यवतमाळला भर दुपारी, मांडवात, मधल्या ठेक्याला सगळी रांग एकदम सरकली. फट उघडली. फटीच्या दोन्ही बाजूंच्या पोरांचे हात हवेत होते, पण मुठी वळलेल्या, काही धरल्यासारख्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षणखात्याच्या साहेबांनी विचारलं, नाच कोणी बसवला? तो माझ्या मागेच, पोरांच्या कपड्यांचं गाठोडं धरून उभा होता.

"मी," मी म्हणालो.

त्यानं गाठोडं माझ्या हातात दिलं. "तिनं आयकलं, मास्तर," एवढंच बोलला आणि मांडवाबाहेर गेला.

परतताना मी त्या मुलीवर खेकसलो, काहून सरकली म्हणून.

"त्या बाईनं सरक म्हटलं, गुरुजी."

"कोणती बाई?"

"जिचा हात म्या धरला होता ते."

याडीबद्दल पोरांना कोणीच काही सांगितलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात शाळेची कवेलू दुसऱ्यानं फेरली, आणि बरीच फोडली. मी तांड्यावर विचारलं, पोडावर विचारलं. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं: तो तिकडचा, तिकडंच असन.

ती मुलगी आता वणीला शिक्षिका आहे. 'आमच्या गुरुजींचा नाच' म्हणून दरवर्षी मुलांकडून तो करवून घेते. मधली फट सोडते. मागल्या वर्षी मला बोलावलं, पहिल्या रांगेत बसवलं. मांडव गच्च भरला होता, माणसं उभी होती. माझ्या उजवीकडची खुर्ची मात्र शेवटपर्यंत रिकामी राहिली.

तो नाच कोणाचा आणि ती जागा कोणाची, हे त्या मुलीला सांगायचं माझ्याकडे बाकी आहे.