कोपऱ्यातलं नाव

"तिथेच ठेव. इट्स ग्रँड, चालेल. आत नको येऊस."

वहिनी, म्हणजे इथल्या सगळ्या मराठी घरांच्या वहिनी, दारात उभ्या होत्या, हातात सॅनिटायझरची बाटली. त्यांच्या गणपतीमागे लावायला मी कापडावर कमळांचं तळं रंगवलं होतं. गुंडाळी पायरीवर ठेवली. त्यांनी तिच्यावर फवारा मारला, मग उचलली.

कोविड होता, मान्य. पण आत चार घरची माणसं मखर लावत होती. हसणं रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं.

आदल्या आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "माहेरचं आडनाव काय गं तुझं?" मी सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणाल्या. हे 'अच्छा' मी शाळेपासून ओळखते. आमच्याकडे गणपती बसत नाही. तरी आयर्लंडसारख्या परक्या मुलखात कुणीतरी माझं चित्र मागितलं, म्हणून हुरळून गेले होते. मूर्ख मी.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो आला. कोपऱ्यातल्या माझ्या नावावर झेंडूची माळ. खाली वहिनींनी लिहिलेलं, 'सगळी सजावट घरचीच!'

फोटो घेऊन मी शेजारच्या डच बाईंकडे गेले. म्हाताऱ्या, चित्रकार. तरुणपणी नवऱ्याबरोबर गॉलवेला आलेल्या. तोही चित्रकार, आता हयात नाही. त्यांच्या परसातल्या शेडमध्ये, दार उघडं ठेवून, आम्ही लांब लांब बसून रंगवायचो.

त्यांनी एक जुना समुद्र बाहेर काढला. खाली नवऱ्याची सही.

"हा माझा आहे," त्या म्हणाल्या. "सगळेच माझे. बाईचा समुद्र विकला जात नाही, असं गॅलरीवाला म्हणाला. घरात भांडण नको म्हणून मी गप्प बसले."

नवरा गेल्यावर त्या स्वतःच्या नावाने रंगवू लागल्या. तर लोक म्हणाले, नवऱ्याची नक्कल करते.

बोलता बोलता त्यांनी सुरी घेतली आणि सही खरवडायला लागल्या. सहीबरोबर समुद्रही निघाला. खालचं पांढरं कापड दिसलं, तरी हात थांबेना. मी घाबरून घरी आले.

हिवाळ्यात त्या गेल्या. अंत्यविधी मी मोबाइलवर पाहिला. पाद्री म्हणाला, "एका थोर चित्रकाराची पत्नी."

अजून दिसतात त्या. भांडी घासताना मागे वळावं, तर खरवडत बसलेल्या. मला दया येत नाही. भीती वाटते. कारण तोंड वर करतात तेव्हा ते माझं असतं.

पुढच्या गणपतीआधी वहिनींचा फोन आला. "यंदाही करशील ना गं? फक्त खाली नाव नको. लोक उगाच विचारतात."

"नाव राहील. माहेरच्या आडनावासकट. आणि आत येऊन मीच लावणार."

"अगं, पण अजून नियम आहेत ना."

"तुमचे नियम मला पाठ आहेत, वहिनी. कोविडच्या आधीपासून."

"नाव नको म्हटलं ना," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मग चित्र मिळणार नाही."

इथली सगळी मराठी घरं त्यांच्या ओळखीची. आता कुणी बोलावणार नाही, हे कळतं मला. तरी नवं कापड ताणलं. रिकाम्या कापडावर आधी नाव लिहिलं, पूर्ण. यापुढे हेच. आधी नाव, मग चित्र. ज्याला नाव सोसत नाही, त्याला चित्र नाही.