रावजी गुरवाचा अंगठा

कोंडसड्याची नवलाई देवी बोलत नाही असं ज्याला वाटत असेल, त्याने कोंडसड्यात येऊन आठ दिवस राहावं. ती कुणाच्या हरवलेल्या म्हशीबद्दल बोलते, कुणाच्या सोयरिकीबद्दल बोलते. एकदा तर एसटीचा मुक्कामी ड्रायव्हर बदलून जावा की राहावा, यावरही तिने मत दिलं होतं. (जावा, म्हणाली. गेला. नवा आला तो त्याच्याहून वाईट निघाला, पण त्याचं देवीला विचारलंच नव्हतं.) फक्त तिचं हे सगळं बोलणं रावजी गुरवाच्या उजव्या अंगठ्यातून यावं लागतं.

त्याची रीत साधी आहे. तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवायच्या आणि अंगठ्याने देवीच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवायची. मग गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. देवीच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर होकार, डाव्याची पडली तर नकार. ह्याला कौल लावणं म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं, ह्यात काय मोठंसं? पण पाणी जास्त झालं तर पाकळी दुसऱ्या दिवसापर्यंत हलत नाही आणि दाब कमी पडला तर प्रश्न पुरा व्हायच्या आत खाली येते. रावजीच्या बापाने त्याला हे काम शिकवताना पहिली दोन वर्षं नुसत्या पाकळ्या चिकटवायला लावल्या होत्या, त्याही परसातल्या पाट्यावर. "दोनी बाजूला सारखं पाणी, सारखा दाब," म्हातारा म्हणायचा. "अंगठ्याला मत नसावं."

हे वाक्य रावजीने चाळीस वर्षं जपलं. बाकीच्या रावजीला मतं भरपूर होती. क्रिकेटपासून सरपंचाच्या सुनेच्या चालण्यापर्यंत कुठल्याही विषयावर तो देवळाच्या पायरीवर बसून तासभर बोले. उंचीने बेताचा, आवाजाने दांडगा, आणि स्वतःच्या मिशीवर त्याचा फार जीव. पण गाभाऱ्यात शिरला की अंगठा तेवढा मुका. सख्ख्या भावाच्या वाटणीचा कौल त्याने स्वतःच्या विरुद्ध दिला होता आणि फणसाची तीन झाडं हसत घालवली होती. त्या दिवसापासून गावात म्हण पडली, देवी एकवेळ चुकेल, रावजी चुकायचा नाही. देवीनेही हे कधी मनावर घेतलं नाही.

अशा ह्या गावात कंपनी आली.

गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा मैलभर लांब सडा आहे, उघडं सपाट पठार. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि मे महिन्यापर्यंत झऱ्याने थोडं थोडं परत देतो. त्या सड्यावर रसायनांचा मोठा कारखाना व्हायचा होता. कारखाना इथला, पैसा सातासमुद्रापलीकडच्या एका बलाढ्य देशातल्या बँकेचा, आणि धूर कुणाचा ते अजून ठरायचं होतं. अर्धं गाव नोकऱ्यांच्या आशेवर होकार द्यायला तयार होतं. उरलेल्या अर्ध्याचा पुढारी महिपत. सड्याच्या उतारावर त्याची काजूची बाग. दगड फोडून, टोपलीने माती वाहून, स्वतःच्या हाताने उभी केलेली, म्हणून तिला तो पोरांपेक्षा जास्त जपायचा. महिपत आणि रावजी एकाच वर्षी जन्मले, एकाच वर्षी चौथीत नापास झाले. अशी मैत्री सहसा तुटत नाही.

कंपनीने गावात विनीत नावाचा तरुण पाठवला. हा पोरगा गोड होता, हीच त्याची खरी अडचण. शिव्या द्याव्यात असं तो काही करतच नसे. देवळात शिरताना चपला काढी, म्हाताऱ्यांच्या पाया पडे, पंधरा दिवसांत "व्हय" आणि "नाय" शिकला. नाचणीची भाकरी खाताना त्याच्या डोळ्यांत पाणी येई, पण ताटात तुकडा टाकत नसे.

त्याच्या बॅगेत बँकेचा एक जाडजूड फॉर्म होता. परदेशातली ही बँक मोठी सज्जन. लोकांची जमीन घेण्याआधी लोकांची संमती हवी, आणि तीही लोकांच्या स्वतःच्या रूढीप्रमाणे हवी, अशी तिची अट होती. फॉर्मात एक रकाना होता, निर्णय घेणारी पारंपरिक व्यक्ती किंवा संस्था. विनीतने सहा महिने गावात काढले आणि त्या रकान्यात लिहिलं, श्री नवलाई देवी. पुढे वयाचा रकाना होता. तिथे त्याने आडवी रेघ मारली.

ग्रामसभेत त्याने हळूच विषय काढला. "आम्ही कोण ठरवणार? देवीलाच विचारू या. ती म्हणेल ते आम्हाला मान्य."

सभेला धक्का बसला. कंपनीचे लोक देवीला मानतात हे कुणाला माहीत नव्हतं. पहिला उठला महिपत. "मान्य! आपलंच अंगण आई इकंल काय? आणि कौल रावजीनं लावायचा. मग उजवा पडला तरी मी तोंडातून शबूद काढणार नाय."

रावजीची मिशी त्या दिवशी बोटभर वर गेली.

ह्याच्या दोन महिने आधी एक गोष्ट झाली होती. कौलाशी तिचा काही संबंध नाही, असं रावजी स्वतःला रोज सांगत असे.

त्याची बायको सोनूबाई हिला चार वर्षं मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांना. रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट होतं, पण पहिल्या तारखेला डॉक्टर रजेवर आणि दुसऱ्या तारखेला सोनूबाईचं धैर्य रजेवर. मग राहिलंच. ती हाताने चाचपून तांदूळ निवडी, आणि जेवताना रावजीच्या दाताखाली खडा आला की म्हणे, "तो मी नाय निवडला, तो तुमच्या नशिबातला." कंपनीने नेत्रशिबीर भरवलं. गाडी दारात आली. विनीतने सोनूबाईला हात धरून गाडीत बसवलं, आणि तिसऱ्या दिवशी एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन काळा चष्मा लावलेली सोनूबाई नटीसारखी पायउतार झाली.

पट्टी काढून पहिल्यांदा नवऱ्याकडे बघितलं तेव्हा ती म्हणाली, "आवो, तुमी एवढे म्हातारे कधी झालात?"

सगळं घर हसलं. रावजीही हसला. मग परसात जाऊन त्याने बराच वेळ तोंड धुतलं.

त्या एका डोळ्याने सोनूबाईने जग नव्याने मोजायला घेतलं. अंगणात उभं राहून सड्यावर मोजणीवाल्यांनी रोवलेली लाल निशाणं ती मोजून दाखवी, "सतरा. काल पंधरा होती." आडाच्या रहाटावर बसलेल्या मुंगळ्याचे पाय मोजी. आणि पहिल्याच मंगळवारी देवळात जाऊन नवलाईसमोर बसली, तर उठेना. "आईचं नाक एवढं सरळ हाय हे मी इसरलेच होते," एवढंच म्हणाली.

विनीत अधूनमधून डोळ्यात घालायचे थेंब घेऊन येई. कौलाबद्दल एक अवाक्षर नाही. एकदा रावजीनेच न राहवून विचारलं, "सायेब, कौलाचं काय मनात हाय तुमच्या?"

विनीतने कानाला हात लावले. "काका, तो तुमचा आणि देवीचा विषय. मी कोण बोलणारा?" आणि चप्पल घालता घालता मागे वळून म्हणाला, "काकूंचा दुसरा डोळा जानेवारीच्या शिबिरात करून टाकू. पहिलंच नाव घातलंय."

बस, एवढंच. कौल डिसेंबरात होता. अमुक झालं तर तमुक, असं तो म्हणाला नाही. तसं म्हणाला असता तर रावजीने त्याला अंगणाबाहेर काढला असता, आणि ही गोष्ट इथेच, आनंदात, संपली असती.

कौलाच्या सकाळी देवळात मुंगीला वाट नव्हती. बँकेची एक गोरी बाई कॅमेरावाल्यासह आली होती. सोनूबाईला मान म्हणून गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी अगदी पुढे बसवलं होतं. गोऱ्या बाईने काहीतरी विचारलं, विनीतने मराठीत केलं, "मॅडम विचारतायत, देवीला प्रश्न नीट समजलाय याची खात्री कशी करतात?"

"आमच्या देवीला समजतंय," रावजी म्हणाला. "मॅडमना समजलाय काय ते इचारा."

देऊळ हसलं. महिपत सगळ्यात मोठ्याने हसला. रावजीला बरं वाटलं. त्याने तगरीच्या पाकळ्या ताम्हनात बुडवल्या. एक अंगठ्याने उजव्या खांद्यावर लावली. मग दुसरी डाव्यावर.

आता हे नीट सांगायला हवं, कारण त्यानंतर रावजीने स्वतःला हे हजारदा सांगितलं आहे. डावी पाकळी लावताना त्याच्या मनात काहीही नव्हतं. फक्त उंबऱ्यापाशी सोनूबाई बसली होती, मान थोडी तिरपी करून, कारण एका डोळ्याने बघणाऱ्याला मान तिरपी करावी लागते. ती तिरपी मान त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली. अंगठा पाकळीवर होता. तो तिथे नेहमीएवढाच राहिला, की एक श्वास जास्त राहिला?

मग तो मागे सरला आणि त्याने आवाज लावला. "बाय माझे नवलाई, तुझी लेकरं आज तुझ्या दारात येऊन उभी हायत..."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

"सडा तुझा, झरा तुझा, आमी तुझे राखणदार. तो द्यायचा असंल तर उजवा दे, नसंल द्यायचा तर डावा दे, आणि लेकरांची भांडणं मिटव..."

"व्हय म्हाराजा!"

पाऊण तास कुणी हललं नाही. एरवी खोकणारे खोकले नाहीत. मग उजव्या खांद्यावरची पाकळी किंचित सुटली, लोंबली, आणि देवीच्या पायाशी पडली. डावी जिथल्या तिथे होती. ती संध्याकाळी रावजीने नखाने काढली तेव्हा सुटली.

कुणीच ओरडलं नाही, होकारवालेसुद्धा नाही. सगळे महिपतकडे बघत होते. तो उठला, गुडघे धरून, हळूहळू. देवीला हात जोडले. मग रावजीपाशी आला, आणि रावजीने मान खाली घातली.

"दुसऱ्या कुणी लावला आसता ना," महिपत म्हणाला, "तर हा कौल मी ह्या पायरीवर मोडला आसता. पण तुझ्या हातचा हाय. मिटलं." आणि रावजीच्या खांद्यावर थोपटून तो बाहेर गेला.

शिवी दिली असती तर रावजी जगला असता.

गोरी बाई दोन्ही हात जोडून नमस्ते म्हणाली. फॉर्मावर शिक्का बसला. आठवड्यात महिपतने आपणहून कागदांवर सह्या केल्या आणि विरोधातल्या इतरांना घरोघरी जाऊन समजावलं, "आईनं सांगितलंय, आता आडवं जायचं नाय." पंधरा दिवसांत काजूच्या बागेभोवती कंपनीचं तारेचं कुंपण पडलं.

कौलानंतर रावजीने चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी दुपारी सोनूबाई पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तो समोर येऊन बसला. "सोनू, तू त्या दिवशी पुढंच होतीस."

"व्हय."

"डावी पाकळी लावताना माझा अंगठा..." त्याने अंगठा मुठीत दडवला. "तुला काय दिसलं?"

सोनूबाईचा हात सुपात थांबला. तिने एक खडा उचलला. मोहरीएवढासुद्धा नसेल. तो तिने अंगणात टाकला.

"मला कुठं एवढं दिसतंय," ती म्हणाली. "एक तर डोळा."

रावजी त्या खड्याकडे बघत बसला. तो पडला होता तिथे त्याला काही केल्या दिसेना.

जानेवारीत गाडी दारात आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. सोनूबाई नेसत्या लुगड्यानिशी पायरीवर आली आणि म्हणाली, "परत जा रे बाबा. माझ्याच्यानं नाय होणार."

"आजी, पहिलंच नाव आहे तुमचं!"

"असूं दे. एका डोळ्यानं दिसलं तेवढं पुरे झालं."

आत माजघरात रावजी उभा होता. त्याने ऐकलं. गाडी वळली, लाल धूळ उडाली आणि तुळशीवर बसली.

त्या दिवशी त्याने उजव्या अंगठ्याला फडकं गुंडाळलं. कुणी कौलाला आलं की तो म्हणे, "अंगठा दुखतोय. पुढच्या मंगळवारी या." गाव हळहळलं. मलमं आली, लेप आले, कुणी बिब्बा घालायला सांगितला, मुंबईहून कुणी जपानी पट्टी पाठवली. म्हशी हरवल्या त्या हरवलेल्याच राहिल्या. फडकं काही सुटलं नाही.

मग एक दिवस महिपत आला. हातात खोबरेल तेलाची वाटी, त्यात कसलासा पाला कढवलेला. "आता बागेत जायचं नाय, तर येळच येळ," तो हसत म्हणाला आणि रावजीसमोर बैठक मारून बसला. "बगू. दे हात."

"नको रे."

"दे म्हणतोय ना. गावाचा अंगठा हाय तो, तुझ्या एकट्याचा नाय."

त्याने फडकं सोडलं. आत अंगठा होता, चांगला धडधाकट, न सुजलेला, न काळवंडलेला. महिपतने तो आपल्या राठ तळहातात घेतला, तेलात बोटं बुडवली आणि लहान मुलाची टाळू भरावी तसा हळू हळू चोळायला लागला. सोनूबाई चहा घेऊन दारापर्यंत आली, तिने बघितलं, आणि कप हातात घेऊन तशीच आत वळली.

"कुठं दुखतंय?" महिपतने विचारलं. "हितं?"

रावजीने मान हलवली.

"हितं?"

"नाय."

"मग कुठं ते सांगशील काय रं?"

महिपतने आणखी थोडं तेल घेतलं.